गुळाच्या पाण्यातला चुना

किल्ली सांध्यात शिरली ती थेट छल्ल्यापर्यंत गेली.

मी ती बाहेर ओढली. तिच्यावर करडा, ओलसर मसाला चिकटून आला होता. मे महिन्याची भर दुपार होती. कमानीच्या माथ्यावर ओलं गोणपाट बाजूला सारून मी पालथी पडले होते आणि ऑफिसच्या कपाटाची किल्ली विटांच्या फटीत खुपसून बघत होते. पंधरा दिवसांपूर्वी रचलेल्या विटा होत्या त्या. नखाने ओरखडा निघाला असता तर चाललं असतं, पण अख्खी किल्ली आत जाणं म्हणजे संपलंच. मी दुसऱ्या सांध्यात खुपसली, तिसऱ्यात खुपसली. सांध्यांच्या तोंडाशी वरवर दरजा भरलेल्या होत्या तेवढा पापुद्रा कडक, आणि आत नुसती कणीक.

"काय बघताय, ताई?" खालून सुंद्राने विचारलं.

"काही नाही गं. असंच."

हे असंच म्हणताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण त्या माथ्याच्या मसाल्यात काय होतं ते कामावर फक्त दोघींना ठाऊक होतं, तिला आणि मला.

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, पाटबंधाऱ्याच्या एका आडगावच्या उपविभागात नवी कनिष्ठ अभियंता. त्या उपविभागात बाई अशी मी एकटीच, त्यामुळे मी चुकले की ते आठवडाभर चहाबरोबर चघळलं जायचं. माझ्याकडे पहिलं स्वतंत्र काम आलं ते पाटवाडीच्या कमानींचं. ओढ्यावरून पलीकडच्या वाडीला पाणी नेणारा जुना पाट होता, तीन कमानींवर उभा. मधली कमान दोन वर्षांपूर्वी पुरात गेली आणि वाडीचं पाणी तुटलं. तेव्हापासून सव्वातीनशे माणसं टँकरवर जगत होती. टँकर यायचा तो दोन दिवसांआड, आणि आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अठ्ठावीस मेला कालव्याचं उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन सुटणार होतं. त्याआधी पाट तयार झाला तर वाडीचा तलाव भरायचा, नाहीतर ते पाणी पुढच्या गावांना जायचं आणि वाडी पुन्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

जुनं काम जुन्याच पद्धतीने दुरुस्त करायचं, असा वरून हुकूम होता. म्हणजे सिमेंट नाही, चुना. आमचे उपअभियंता रणदिवे साहेब त्यावर रोज एकदा तरी करवादायचे. "सरकारला म्युझियम हवंय आणि वाडीला पाणी हवंय. मधल्या मधे आपला भुगा," म्हणायचे.

चुन्याचं काम करणारा माणूस आसपासच्या तीन तालुक्यांत एकच उरला होता, लिंबाजी गवंडी. साठीचा, काटक, एका कानाने कमी ऐकणारा. ओढ्याकाठी त्याने चुन्याची घाणी मांडली होती: गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. चुना, वाळू आणि विटांची भुकटी त्या चरात दिवसभर दळली जायची. शेजारी चार रांजण. दोनांत हिरडा भिजत घातलेला, दोनांत गूळ. ते पाणी मापाने घाणीत ओतायचं. माझ्या पदवीच्या पुस्तकात या रांजणांबद्दल अवाक्षर नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणाने विचारलं होतं, "लिंबाजीमामा, हा गूळ चिकटपणासाठी का?"

"चिकटायला काय, चिखल बी चिकटतो," तो म्हणाला. "ताई, चुना भट्टीतनं निघतो तवा त्यो दगड असल्याचं इसरल्याला असतो. त्याला पुन्ना दगड व्हायचं असतं. पन नुसता सोडला की त्यो घाई करतो, मोठ्ठाले खडे धरतो, आनि मधी फटी ऱ्हातात. गूळ त्याचं बोट धरतो. बारीक बारीक, येकात येक गुतून, दमानं दगड हो म्हनतो."

मी हसले होते. त्याच्यावर नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सुंद्रा त्याची एकुलती एक लेक. नवऱ्याने टाकलेली, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. मुलगा नाही म्हणून लिंबाजीने तिला घाणी शिकवली आणि भावकीत छीथू करून घेतली. बाईमाणसाने विटा वाहाव्यात, मसाला करू नये, असं त्यांच्यात मानत. ती मात्र बापाला जुमानत नसे. "बाबा, आता सिमिटाचा जमाना हाय. तुमचा गूळ लाडवात घाला," असं सगळ्यांसमोर म्हणायची, आणि लिंबाजी बहिऱ्या कानाचा फायदा घेऊन गप्प बसायचा. पण रांजणात बोट बुडवून जिभेला लावलं की पाणी झालं की नाही ते ती बापाच्या आधी सांगायची. तिच्याकडून त्याने कधी दुसऱ्यांदा खात्री करून घेतलेली मी पाहिली नाही.

दोन्ही बाजूंनी कमान चढत आली आणि फक्त माथा राहिला, तेव्हा लिंबाजीचा थोरला भाऊ वारल्याचा निरोप आला. तेरा दिवस तो येऊ शकणार नव्हता. लग्न झालेल्या लेकीला सुतक नाही, म्हणून सुंद्रा थांबली. जाताना तो सगळ्या गड्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माथ्याची घानी सुंद्राची. साचा काढताना खाली तीच बसंल."

त्यांच्या घराण्याची ती रीत होती. कमानीला खालून तोलून धरणारं लाकडी सेंटरिंग, म्हणजेच साचा, काढायचं त्या दिवशी ज्याची घाणी त्याने बरोबर मध्याखाली जाऊन बसायचं. त्यानंतर तो माणूस गवंडी म्हणून ओळखला जायचा. लिंबाजी विसाव्या वर्षी असा बसला होता. सुंद्रा अठ्ठाविसाव्या वर्षी बसणार होती, आणि त्यांच्या सात पिढ्यांत बाई म्हणून पहिली. तिने हे ऐकलं तेव्हा ती नुसती बैलाच्या पाठीवर थाप मारून घाणी फिरवायला लागली. त्या दिवशी मात्र तिने बापाची एकदाही चेष्टा केली नाही.

दुसऱ्याच दिवशी रणदिवे साहेबांची जीप आली. त्यांनी माथ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, तुमचा हा गूळखोबऱ्याचा मसाला पंधरा दिवसांत धरणार आहे का? माथा कच्चा राहिला तर मी पाणी सोडू देणार नाही. मग वाडीला तुम्ही उत्तर द्यायचं. स्टोअरमध्ये सिमेंट पडलंय. टाका थोडं घाणीत, कुणाच्या बापाला कळतंय?"

साहेबांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर मला ते पटलं. माझा सगळा अभ्यास सिमेंटचा. त्या भुकटीवर माझा विश्वास होता आणि रांजणांवर नव्हता. गडी जेवायला गेले तेव्हा सात पोती मी स्वतः उतरवून घेतली.

सुंद्राने पोत्यांकडे पाहिलं. "बाबास्नी इचारू द्या, ताई."

"ते सुतकात. तेरा दिवस वाट बघायची का? यानं माथा लवकर आणि घट्ट होईल. वाडीला पाणी मिळेल. तुझ्या बाबांनाच बरं वाटेल."

"नक्की?"

"मी इंजिनियर आहे ना, सुंद्रा?"

मग तिने पहिलं पोतं फोडलं. मी म्हटलं, "हे बघ, हे कुणाला बोलायचं नाही. बाबांनाही नाही. नियमात बसत नाही हे. माझी नोकरी जाईल."

"तुमच्या गळ्याची शपत," ती म्हणाली. आणि मग रोजच्या सवयीने, मापाने, गुळाचं पाणी घाणीत ओतलं. मी शेजारी उभी होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

म्हणून त्या दुपारी किल्ली आत गेली तेव्हा मी कमानीवर तशीच पडून राहिले. आणि तिथे, त्या तापलेल्या विटांवर, मला तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातली एक ओळ आठवली. पान डावीकडचं होतं हेही आठवलं. मिश्रणाच्या पाण्यात साखरेचा अंश असू नये. का असू नये ते त्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. परीक्षेत एका मार्काला यायचं, आम्ही पाठ करायचो. गूळ म्हणजे साखर, एवढा साधा हिशोब सुवर्णपदक मिळवणाऱ्या मुलीला सुचला नव्हता.

मी खाली उतरले आणि सुंद्राला रांजणांमागे नेलं.

"माथा धरलेला नाही," मी म्हणाले. "धरणारही नाही. सिमेंट आणि गूळ एकत्र चालत नाही."

तिला कळायला क्षणभर लागला. "पन तुमी तर म्हनला व्हता..."

"मी चुकले."

"मंग बाबास्नी सांगा. आत्ता आल्यात ते, परवापासनं कामावर हाईत. सांगा, माथा उतरवू, पुन्ना रचू."

"पुन्हा रचून अठ्ठावीस तारीख कशी गाठणार? सेंटरिंग काढल्यावर कमान थोडी बसते, मग वरच्या पाटाला अस्तर करायचं, ते वाळायचं. म्हणून तर उद्या काढतोय ना साचा."

"न्हाई गाठली तर न्हाई. मानसं तर ऱ्हातील." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "काल बाबांनी दांड्यानं माथा ठोकून बघितला. म्हनलं, आवाज बद येतोय, घानी नीट फिरली व्हती का? म्या व्हय म्हनलं. तुमच्या शपतंपायी. बाबांना म्या आजवर खोटं बोलले नव्हते, ताई. आनि उद्या त्या माथ्याखाली म्या बसनार हाय."

"त्याआधी सांगते. साहेबांना फोन करते आणि सांगते. मला फक्त आजचा दिवस दे."

बोलता बोलता मी तिच्यापुढे हात जोडले. तशी ती एकदम मऊ झाली. "बरं. तुमी सांगितल्याबिगर म्या तोंड उघडनार न्हाई. पन सांगा मात्र."

ग्रामपंचायतीच्या फोनवरून साहेब लागायला दीड तास गेला. मी सगळं सांगितलं.

"तुम्ही कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. कमान आकारावर उभी राहते, मसाल्यावर नाही. राहिली तर प्रश्नच मिटला. पडली तर चुन्याचं काम पडलं. मी पहिल्यापासून सांगत होतो, चुना नको. आणि बाई, एक लक्षात ठेवा. ती पोती स्टोअरमधून तुमच्या सहीने गेलीत. माझ्या नाही."

"खाली माणूस बसणार आहे, साहेब."

"कशाला बसवता? अंधश्रद्धा आहे ती. बंद करा म्हणावं." आणि फोन ठेवला.

मी पंचायतीच्या पायरीवर बसून राहिले. जूनमध्ये माझा परिवीक्षाकाळ संपणार होता. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण तिच्याखाली आणखी एक होती, आणि ती जास्त लाजिरवाणी होती. लोक हसतील, ही. बाईच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं, असं चहाच्या टेबलावर म्हणतील, ही. त्या भीतीपोटी लिंबाजीच्या झोपडीवरून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पुढे निघून गेले. दुसऱ्या वेळी त्याने आतून हाक मारली, "ताई, चा घेता?" मी म्हणाले, नको, उशीर झालाय.

सकाळी आठला सगळी वाडी ओढ्याच्या कोरड्या पात्रात जमली होती. बायका नटून आल्या होत्या. कुणी नारळ आणला होता, कुणी हळदीकुंकू. रणदिवे साहेब जीपला टेकून उभे होते. सुंद्राने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि एक म्हातारी तिच्या कपाळाला कुंकू लावत होती. सुंद्रा म्हातारीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

लिंबाजीने नारळ फोडला. "ह्या माथ्याची घानी माझ्या लेकीची," तो म्हणाला. त्याला बोलायची सवय नव्हती, आवाज उगाच मोठा निघाला. "आमच्या भावकीत लई बोलल्यात. त्यांनी येऊन बगावं."

मी पुढे झाले. खरंच झाले. चार पावलं गेले असेन. "लिंबाजीमामा," मी म्हणाले.

"काय, ताई?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. साहेबांनी गॉगल काढला. आणि मी म्हणाले, "सुंद्राला खाली बसवू नका. धोक्याचं असतं. नियमात नाही."

लिंबाजी मायेने हसला. "नेम तुमचा येगळा, आमचा येगळा. ती न्हाई बसली तर लोक म्हनतील, बापाचा भरवसा न्हाई लेकीवर."

"पण..."

"तुमी नगा काळजी करू."

एवढं बोलून मी थांबले. सांगायचा प्रयत्न केला, असं मनात टिपून ठेवलं आणि मागे सरकले. सुंद्राने हे सगळं पाहिलं. मला वाटलं ती आता बोलेल, किंवा बसणार नाही म्हणेल. देवाशपथ, मी मनातून तिची विनवणी करत होते की तूच बोल बाई, तूच सोडव. पण तिने पदर खोचला, कमानीखाली गेली आणि मध्यावरच्या धोंड्यावर मांडी घालून बसली. तोंड माझ्याकडे करून. मी सांगेपर्यंत ती वाट बघणार होती.

सेंटरिंगच्या खांबांखाली आठ पाचरी होत्या. लिंबाजीने हातोडा घेतला आणि पहिली पाचर सैल केली. लाकूड कुरकुरलं. दुसरी सैल केली. काही झालं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला आशा वाटली, इतकी निर्लज्ज आशा की साहेबांचं म्हणणं खरं ठरावं, आकारावरच उभी राहावी कमान, आणि हे सगळं कुणालाही कधीच कळू नये.

तिसरी पाचर निघाली तेव्हा माथा दोन बोटं खाली आला.

तो आवाज मोठा नव्हता. नुसतं ओलं काहीतरी दाबल्यासारखं झालं. फळ्यांच्या फटींतून करडा गाळ गळायला लागला. पहिला गोळा सुंद्राच्या खांद्यावर पडला, दुसरा केसांत, मग विटेचा एक तुकडा तिच्या गुडघ्याला चाटून गेला. ती हलली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. बायका ओरडत होत्या, ऊठ, ऊठ गं, आणि माझ्या तोंडातून एक अक्षर फुटत नव्हतं.

लिंबाजीने हातोडा टाकला, आत धावला आणि तिला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं. मग परत आत जाऊन त्याने सैल केलेल्या तिन्ही पाचरी ठोकून बसवल्या. साठीचा माणूस, वर लोंबणारा माथा, आणि हा एकेक पाचर नीट बघून बसवतोय. मग तो बाहेर आला. त्याने सुंद्राच्या खांद्यावरचा गाळ बोटाने निपटला, बघितला, जिभेला लावला आणि थुंकला.

"सिमिट," तो म्हणाला.

त्याने बोट धोतराला पुसलं.

"गुळाच्या पान्यात सिमिट. मेल्यालं सिमिट." तो सुंद्राकडे वळला. त्याच्या आवाजात अजून राग नव्हता. "माझ्या बापानं मला सांगितलं व्हतं, ह्या दोघांची गाठ घालू नको. म्या तुला सांगायचं इसरलो का गं?"

सुंद्राने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब कमानीकडे बघत होते.

"कुनी घातलं?" लिंबाजीने विचारलं.

"म्या," सुंद्रा म्हणाली.

"तू?"

"लवकर धरंल म्हनून."

तिच्या लाडवाच्या चेष्टा सगळ्या गड्यांनी ऐकल्या होत्या. कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. फक्त लिंबाजीला वाटलं. लेकीचा चेहरा त्याला पाठ होता, त्यात काहीतरी बसत नव्हतं. मग तो माझ्याकडे आला. अगदी जवळ, ऐकू येणारा कान माझ्याकडे करून.

"ताई, तुमी शिकल्याल्या. रोज हितं हुभ्या व्हता. माझी लेक घानीला दगा देनार न्हाई. तुमी सांगा, हिनं घातलं?"

आता सांगितलं असतं तरी चाललं असतं. सुंद्रा जिवंत होती, माथा पडला नव्हता, माझं काय जायचं ते गेलं असतं. एवढं सगळं मला त्या क्षणी लख्ख कळत होतं.

"मला विचारून नाही घातलं," मी म्हणाले.

लिंबाजीने मान हलवली. दोनदा. मग तो घाणीकडे गेला आणि त्याने बैलाचं जू सोडलं. सुंद्रा मागून गेली. तिने रांजणाला हात लावताच तो म्हणाला, "हात लावू नगंस." त्यानंतर तो तिच्याशी, माझ्यादेखत तरी, बोलला नाही.

अठ्ठावीस तारखेला पाणी पाटवाडीवरून पुढे गेलं. वाडीतल्या बायका काठावर उभ्या राहून ते बघत होत्या. ज्या म्हातारीने सुंद्राला कुंकू लावलं होतं ती तिच्या झोपडीपुढे बोटं मोडून आली. पावसाळ्यानंतर मधली कमान सिमेंट काँक्रीटची झाली. माझी नोकरी कायम झाली.

दोन वर्षांनी मी ती सोडली आणि पुढे शिकायला गेले. विषय घेतला चुन्याचा. लोकांना वाटलं मला परंपरेचं वेड आहे. माझी बारा वर्षं त्या रांजणांत गेली. गुळातल्या साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांना असे वेढून बसतात की त्यांच्यावर नवा स्फटिक वाढूच शकत नाही. तेच रेणू चुन्यात गेले की दुसरंच करतात. हवेतला वायू घेऊन चुना पुन्हा दगड होत असतो, तेव्हा ते वाढत्या स्फटिकाच्या कडा धरतात, त्याला मोठं होऊ देत नाहीत, आणि मग लाखो बारीक स्फटिक एकमेकांत गुंतून वाढतात. फट राहत नाही. गूळ तोच असतो. आपण तो कशात ओततो, एवढाच प्रश्न असतो.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते पहिल्यांदा नीट दिसलं त्या वर्षी मी त्याचा फोटो घेऊन त्या भागात गेले. लिंबाजीला दाखवायचा होता. त्याच्यासमोर बसायचं, आधी फोटो द्यायचा आणि मग सांगायचं, असं मी एस.टी.त बसल्या बसल्या दहा वेळा घोकलं होतं.

सुंद्रा तालुक्याच्या गावी एका इमारतीच्या कामावर सापडली. घमेलं उतरवून ती सावलीत आली. केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं आणि बसायला पोतं अंथरलं.

"बाबा कुठे आहेत?"

"त्येंना जाऊन तीन वर्सं झाली."

मी फोटो तिलाच दिला. "गुळाच्या पाण्यातला चुना आहे. दहा हजार पट मोठा करून."

तिने हात लुगड्याला पुसले आणि फोटो उन्हाकडे धरला. बराच वेळ बघितला. "बारीक बारीक," ती म्हणाली. "येकात येक गुतल्यालं. बाबा म्हनायचं तसंच हाय की."

"हो."

"त्येंनी कवा बगितलं व्हतं म्हना."

मग मला राहवेना. "सुंद्रा, त्या दिवशी मी खोटं बोलले. सिमेंट मी घालायला लावलं होतं. मी तुझ्या बाबांना..."

"जाताना शुद्धीत व्हते ते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हात धरून इचारलं, का घातलंस गं पोरी? म्या म्हनलं, चुकी झाली बाबा. तुमची शपत व्हती ना."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. आतून मुकादमाने हाक मारली तशी ती उठली, फोटो माझ्या मांडीवर ठेवला आणि डोक्यावर चुंबळ नीट केली.

"माझ्याफुडं कशाला बोलताय, ताई," ती म्हणाली. "मला तर ठावंच हाय."